अर्धा सूत

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीच्या शेवटाला,
जिथं फौंड्रीची काळी वाळू रस्त्यावर सांडून
चपलेला चिकटते,
तिथं वैजू मुतगेकर एस्टीम घेऊन आला.
भंगारातली. रंग तीन तऱ्हेचा.
"मामा, वळणावर पाठीमागची गाडी
वेगळीच चाललीय असं वाटूलालंय."

मी काही बोललो नाही.
पुढच्या डाव्या बाजूला जॅक लावला,
चाक सुटलं जमिनीपासून,
म्हटलं, "आता दार लाव."
दार लागेना.
वैजूनं खांदा दिला, मग शिवी दिली,
दार चौकटीला अडून तसंच.
फट मोजली पत्र्याच्या तुकड्यानं:
दोन सूत.
उभ्या उभ्या, एक पाऊल न चालता
गाडी दोन सूत पिळली जात होती.

मग कामाला लागलो.
पुढच्या दोन टॉवरांच्या मधे सव्वा इंची पाइप,
खाली आर्मच्या बुडाशी आडवी पट्टी,
मागच्या सीटमागं एक तिरपा.
जमिनीचा पत्रा खरवडला तर गंजाखाली
शेंगांची टरफलं, चार आण्याचं नाणं,
हिरव्या बांगडीची काच.
ती मी खिडकीत ठेवली, का कोण जाणे.

शिवणीला दर दोन बोटांवर टाका.
सलग मारला तर पत्रा तापून वाकडं तोंड करतो.
एक टाका, थांबायचं.
दुसऱ्या बाजूला एक, थांबायचं.
इराप्पा हात जवळ धरून नुसती धग बघायचा.
चाळीस वर्षं भट्टीपाशी काढलेला माणूस.
तो माझ्याशी कानडीत बोलतो,
मी त्याच्याशी मराठीत,
पान्ह्याचा नंबर आजवर चुकलेला नाही.

शेवटचा बोल्ट आवळताना तो म्हणाला, "साकु."
मी अजून अर्धा आटा दिला.

वैजू जांबोटीवरनं चोर्ल्यापर्यंत जाऊन आला.
"आता एकच गाडी वाटूलालीय, मामा!"
पाव किलो कुंदा ठेवून गेला लेथच्या कठड्यावर,
मुंग्या लागायच्या आत आम्ही संपवला.

पाच आठवड्यांनी परत.
हॉर्न न वाजवता आला, तेव्हाच कळलं.
बॉनेट उघडलं:
डाव्या टॉवरवर, माझ्या पट्टीच्या कोपऱ्यातनं
रंगाखालनं निघालेली चीर,
केसाएवढी, बोटभर लांब.
पाइप शाबूत. टाके शाबूत.
"पत्रा हलका निघाला काय, मामा?"
बिचारा मलाच वाट करून देत होता.

त्या दिवशी दुपारभर करंट नव्हता.
सांजच्याला आला आणि मी घाईत पट्टी कापली,
चौकोनी,
चारी कोपरे सुरीसारखे.
आधी खड्ड्याचा हिसका
सगळ्या पत्र्यात थोडा थोडा वाटून जायचा,
कुरकुरत का होईना, जिरायचा.
मी गाडी कडक केली
आणि तो सगळा आणून ठेवला
एका टोकावर.

"पत्रा बरोबर हाय," मी म्हणालो,
"कोपरा माझा चुकला."
बोलायला वेळ लागला जरा.
तोवर इराप्पा नवी पट्टी शिकंज्यात धरून
कानस मारत होता,
कापलेल्या नखासारखी कड गोल होईपर्यंत.

चिरेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडलं.
चीर त्या भोकात येऊन पडते,
पुढं जायला तिला धार सापडत नाही.
मग भरली, घासली,
खाली दुहेरी पत्रा, वर गोल पट्टी.

पुन्हा जॅक. पुन्हा चाक हवेत.
दार लागलं, एका बोटानं.
फट मोजली: अर्धा सूत.
वैजू वाकून बघत म्हणाला,
"एवढा पण काढ की, मामा."
इराप्पानं माझ्याकडं बघितलं.

"साकु," मी म्हणालो,
आणि पान्हा त्याच्या हातात दिला.
पैसे फक्त पत्र्याचे घेतले.